आर्वो लाम्पीचं तासाभराचं जग

आर्वो लाम्पीने मला कामावर ठेवलं तेव्हा एकच प्रश्न विचारला. "तुला लोकांना हसवायची सवय आहे का?"

मी म्हटलं, "नाही. आमच्या घरात कोणी फारसं हसत नाही."

"मग उद्यापासून ये," तो म्हणाला.

माझं नाव एल्मा. माझे वडील, दोन्ही भाऊ आणि पुढे नवराही ग्रीनस्टोन गावच्या तांब्याच्या खाणीत होते. मी मात्र शाळा संपल्या संपल्या आर्वोच्या फोटो स्टुडिओत काउंटरमागे उभी राहिले, ती स्टुडिओला कुलूप लागेपर्यंत. त्यामुळे आर्वोबद्दल मी सांगतेय त्यात ऐकीव फार थोडं आहे.

स्टुडिओ त्याच्याआधी लिंडक्विस्ट नावाच्या म्हाताऱ्या स्वीडिश माणसाचा होता. लिंडक्विस्ट लोकांना एका रंगवलेल्या पडद्यासमोर बसवायचा. पडद्यावर निळं तळं, त्यात हंस, मागे कुठल्याशा देशातले डोंगर. श्वास रोखा, हसा, झालं. तो गेल्यावर आर्वोने पहिलं काम केलं ते हे, की पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी राखाडी घोंगडी टांगली. गावात कुरकुर झाली. लग्नाचा फोटो काढायला आलेल्या एका मुलीच्या आईने तर तोंडावरच विचारलं, "तळं कुठे गेलं?"

"तळं बाहेर आहे, हवं तेवढं," आर्वो म्हणाला. बाहेर सुपीरियर सरोवर होतं, ज्याचा पलीकडचा काठ आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

त्याची फोटो काढायची रीत अशी. माणसाला स्टुलावर बसवायचं आणि आपण काळ्या कापडाखाली जाऊन उगाच खाटखूट करत राहायचं. कॅमेरा केव्हाच तयार असे. समोरचा आधी ताठ बसायचा, मग अवघडायचा, मग कंटाळायचा, मग स्वतःच्याच कुठल्या तरी विचारात हरवायचा. तेव्हा खटका वाजायचा.

"माणूस फोटोसाठी एक चेहरा घालून येतो," तो मला म्हणाला होता. "तो जड असतो, एल्मा. फार वेळ पेलवत नाही. त्याने तो खाली ठेवला की माझं काम सुरू होतं."

नेस्टर हकाला म्हणून खाणीत एक मुकादम होता. त्याच्या नुसत्या खाकरण्याने पोरं वाट सोडायची. त्याच्या बायकोने त्याला ओढत फोटोला आणलं. फोटो न्यायला ती एकटी आली, पाकीट उघडलं आणि काउंटरला धरून उभी राहिली. मला वाटलं, आवडला नाही. मी म्हटलं, "दुसरा काढून देईल तो."

"नको," ती म्हणाली. "हा मला मागणी घालायला आला होता ना, तो माणूस आहे. मला वाटत होतं तो कुठेतरी गेला."

अशा गोष्टींवर आर्वो जगायचा. त्या काळात तो सुखी होता असं मी म्हटलं असतं, वरचा मजला नसता तर.

वरच्या मजल्यावर त्याचे वडील, इसाकी, राहत. उभं आयुष्य जमिनीखाली गेलेलं, छातीत खडकाची धूळ बसलेली. जिना उतरणं सुटलं होतं. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीशेजारी पलंग आणि हातात काठी. पाणी हवं, उशी हवी, चुलीत लाकूड घालायचंय, रस्त्यावरून कोण गेलं ते विचारायचंय, काहीही असो, इसाकी काठीने जमीन ठोकायचे. त्यांची जमीन म्हणजे आमचं छत. ती ठकठक नेमकी आर्वो कापडाखाली असताना यायची. समोरचा दचकून वर बघायचा, तेवढ्यात खटका दाबलेला असायचा.

असे बिघडलेले फोटो आर्वोने टाकले नाहीत. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याने ते काउंटरवर ओळीने मांडले. नवरी वर बघतेय. चर्चमधल्या दीक्षेची पांढरी वस्त्रं घातलेली पोरं वर बघताहेत. जाडजूड पाद्री वर बघतोय, तोही जरा घाबरून. अनोळखी माणसाला वाटावं की छतातून देवदूत उतरतोय.

"बघ," आर्वो म्हणाला. "सगळं गाव माझ्या बापाकडे बघतंय."

आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात वरून काठी वाजली, आणि तो हसू तसंच अर्धवट सोडून जिना चढायला लागला.

इसाकी वाईट माणूस होते असं कोणी समजू नये. आर्वो चौदा-पंधरा वर्षांचा झाला आणि खाणीत जायची त्याची वेळ आली, तेव्हा ह्याच बापाने त्याला दंडाला धरून लिंडक्विस्टच्या दारात उभं केलं होतं. म्हणाले होते, "ह्याला झाडू मारायला ठेव, पण खाणीत जाऊ देऊ नकोस." गावात असं करणारा दुसरा बाप नव्हता, लोक त्यांना हसले. आर्वोला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो काठीला कधी उशीर करत नसे. एकदाच, चिडला असताना, मला म्हणाला, "त्यांनी मला खाणीत जाऊ दिलं नाही. आता बाहेरही जाऊ देत नाहीत. मी मधल्या मधे राहिलो."

बाहेर जायचं त्याच्या डोक्यात हळूहळू शिरलं. चेहऱ्यांची भूक भागली म्हणा, किंवा चेहरेच संपले. "ह्या गावातला एकेक चेहरा माझा काढून झालाय," तो म्हणायचा. "आता त्यांची पोरं येतात, तेच नाक घेऊन." पेट्रोल पंपावर रस्त्यांचे नकाशे फुकट मिळत, ते तो गोळा करायला लागला. हिवाळ्यात बर्फ खिडकीच्या वर चढायचा, दारापर्यंत फावड्याने खंदक काढावा लागायचा, आणि आत दिवसाढवळ्या दिवा लावून आर्वो चुलीपाशी माँटानाचा नकाशा मांडीवर घेऊन बसलेला असायचा. बोटाने रस्ता धरून जायचा आणि काठी वाजली की बोट होतं तिथे पेन्सिलने टिंब करून ठेवायचा.

त्याने एक जुनी लांबडी मोटार घेतली. एका रविवारी मी वर इसाकींजवळ बसायचं कबूल केलं तेव्हा तो पहाटेच निघाला, दक्षिणेकडे नेणाऱ्या मोठ्या पुलापर्यंत गेला आणि अंधार पडायच्या आत घरी.

"पूल कसा आहे?" मी विचारलं.

"लांब आहे."

"पलीकडे काय आहे?"

"ओलांडला नाही."

"अरे, एवढा गेलास आणि ओलांडला नाहीस?"

"ओलांडला असता तर परत कशाला आलो असतो," तो म्हणाला, आणि कोट न काढताच वर गेला.

मग संप झाला, आणि संपानंतर खाण उघडलीच नाही.

ज्यांचे हातपाय चालत होते ते निघाले. कोणी डेट्रॉइटला, कोणी मिलवॉकीला, कोणी थेट पश्चिम किनाऱ्याला. निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाला आर्वोकडचा फोटो हवा होता. दारात टपावर गाद्या बांधलेली मोटार उभी, आत बायकापोरं ओळीने उभी, खटका वाजला की तशीच मोटारीत बसून चालती. त्या उन्हाळ्यात आर्वोला कापडाखाली खाटखूट करावी लागली नाही. कोणीच फोटोचा चेहरा घालून आलं नव्हतं. फोटो धुऊन तयार व्हायचे तोवर त्यातली माणसं गावात नसायची. दोरीवर ओले फोटो वाळत टाकताना तो एकदा म्हणाला, "मी सगळ्यांना निरोप द्यायला ठेवलेला माणूस आहे."

गावात म्हातारी माणसं उरली. त्यातल्या सान्ना कोर्तेला नावाच्या बाईंना आम्ही सगळे सान्नामम्मू म्हणायचो. आम्हा फिनिश लोकांत आजीला मम्मू म्हणतात. त्या एक दिवस हातात एक रंगीत फोटो घेऊन स्टुडिओत आल्या.

"आर्वो, तू डेट्रॉइटला जा."

"कशाला, मम्मू?"

"माझ्या ओलावीचा फोटो काढायला. त्याने हा पाठवलाय, बघ." फोटोत मधोमध एक लालभडक मोटार होती आणि तिच्या टोकाला काडीएवढा ओलावी. "ही मोटार मी जन्माला घातलेली नाही."

"त्याला सांगा ना, तिथल्या स्टुडिओत जाऊन काढ म्हणून."

"तिथला माणूस त्याला हसवेल. मला तो कसा आहे ते बघायचंय."

एकीचं ऐकून दुसरी आली, दुसरीचं ऐकून आणखी. कोणाची मुलगी, कोणाचे नातू, ज्यांना अजून पाहिलंच नव्हतं. बायकांनी चर्चच्या हॉलमध्ये वेलदोडा घातलेला पाव भाजून विकला आणि आर्वोच्या पेट्रोलची सोय केली. राहिला होता इसाकींचा होकार.

"जा की," इसाकी म्हणाले. "मी काय, आज ना उद्या मरायचाच. जेवायला कोण आणून देईल तेवढं सांगून जा."

सान्नामम्मू जिना चढून वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इसाकी, तू मेलास तर मी आधी खिडकी उघडीन. किती कोंदट झालंय इथे. तोवर कॉफी पी."

आर्वोने पूल ओलांडला. आठवड्याने परतला तेव्हा त्याच्या अंगावर तेच कपडे होते, पण चालणं बदललं होतं. दार उघडून तो आत आला आणि स्वतःच्याच दुकानाकडे पाहुण्यासारखा बघत उभा राहिला. फोटो धुऊन झाले तशा बायका जमल्या. नातवंडांवरून बरीच रडारड आणि भांडणं झाली, कोण कोणावर गेलंय ह्याची. सान्नामम्मूंनी आपलं पाकीट शेवटी उघडलं.

ओलावी खिडकीपाशी बसला होता. अंगात स्वच्छ सदरा, केस नीट विंचरलेले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मम्मूंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"ह्याला काम नाहीये," त्या म्हणाल्या.

आर्वो काउंटरवरची रिकामी पाकिटं गोळा करायला लागला.

"आणि हा पितोय. तुला म्हणाला असेल, आईला सांगू नकोस."

"म्हणाला होता."

"तू नाहीच सांगितलंस, पोरा." त्यांनी फोटो पिशवीत ठेवला. "मोटार कोणाची होती?"

"शेजाऱ्याची."

पुढच्या आठवड्यात, सत्तरी उलटलेल्या ह्या बाईंनी कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या, घराला कुलूप लावलं आणि बसने डेट्रॉइट गाठलं. ओलावीकडे राहिल्या, त्याला माणसात आणलं आणि तिथेच वारल्या. त्यांची बस गेली तेव्हा आर्वो स्टुडिओच्या दारात उभा होता. "म्हातारीसुद्धा गेली," तो म्हणाला. एवढंच.

पुढच्या वर्षी त्याला ऑरेगॉनचं बोलावणं आलं. तिथे नदीच्या मुखाशी मासेमारी करणारी आमची बरीच माणसं होती. त्यांच्या इथे गावात राहिलेल्या आयांना फोटो हवे होते. ह्या खेपेला मी, माझी आई आणि शेजारपाजारच्या बायकांनी इसाकींच्या पाळ्या लावून घेतल्या. आर्वो निघाला. वाटेत तो पेट्रोल पंपावरून स्टुडिओत फोन करायचा, दुकान कसं चाललंय विचारायला म्हणून, पण दुकानाबद्दल काही विचारायचा नाही.

"एल्मा, मी डकोटात आहे."

"कसं आहे?"

"इथे काहीच नाहीये. आणि ते संपतच नाही." मग म्हणाला, "मी आज दुपारभर रस्त्याच्या कडेला उभा होतो. एकही माणूस नसलेला फोटो मी कधी काढला नव्हता. आज काढले."

"कशाचे?"

"सांगता येत नाही. गवताचे म्हण."

ऑरेगॉनमध्ये पोहोचल्यावर फोनमधला त्याचा आवाज मला ओळखू येईना. तिथे एका स्टुडिओच्या मालकाला हाताखाली माणूस हवा होता. वर राहायला खोली, खोलीला नदीवर उघडणारी खिडकी. शेवटी एका सकाळी त्याने विचारलंच. "मी इथे राहिलो तर? बाबांना विचार, ते येतील का. नाहीतर हिल्याला विचारता येईल."

हिल्या म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती डुलूथला असते, सरोवराच्या कडेने मोटारीने दिवसभराच्या आतला रस्ता. मी वर जाऊन इसाकींना आर्वोचा निरोप सांगितला. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितला.

"ऐकलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली ती थांबेना. ओठ निळे पडले. डॉक्टर आले, म्हणाले घरच्यांना बोलवा. मी हिल्याला कळवलं आणि आर्वोलाही. हिल्या आधी पोहोचली, दोन-तीन दिवस बापाजवळ राहिली. तिची पोरं लहान, नवरा बंदरात पाळ्यांवर. धाप ओसरलेली बघून ती परत गेली. त्यानंतर आर्वो आला. ऑरेगॉनपासून तो जवळजवळ न झोपता मोटार हाकत आला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. जिना धावत चढला. इसाकी उशीला टेकून माझ्या आईने केलेलं धिरडं जॅम लावून खात होते.

"आलास?" ते म्हणाले. "छपरावर बर्फ साचलाय. कोणी ओढलाच नाही."

आर्वोने मोटारीतलं सामानही उतरवलं नाही. आधी शिडी काढली आणि छपरावर चढला.

नंतर त्याने बापाला हिल्याबद्दल विचारलं. इसाकी म्हणाले, "तिच्याकडे जागा नाही. तिच्या नवऱ्यालाही नको आहे." आर्वोने हिल्याला एका शब्दाने विचारलं नाही. आमच्या लोकांत असलं काही तोंडावर विचारत नाहीत. विचारलं म्हणजे समोरच्यावर नाही म्हणायची लाजिरवाणी वेळ आणली, असं मानतात. ऑरेगॉनची खोली दुसऱ्या कोणाला तरी गेली.

त्यानंतरची वर्षं सांगायला थोडी आहेत आणि जगायला फार होती. इसाकींना तासाभरापेक्षा जास्त एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी संध्याकाळचा एक तास वर बसायची. मलाही घर होतं, त्याहून जास्त मला जमत नसे. तो एक तास आर्वोचा. अर्धा तास जायला, अर्धा यायला. तेवढ्यात जिथवर जाता येईल तेवढं त्याचं जग. सरोवराचा काठ त्यात बसायचा. खाणीतून काढून टाकलेल्या दगडांची टेकडी बसायची. खाणीने कामगारांसाठी बांधलेल्या, आता ओस पडलेल्या घरांच्या दोन ओळी बसायच्या. त्यापुढचं काही बसायचं नाही.

स्टुडिओत चेहरे येईनासे झाले होते. कधी पासपोर्टचा फोटो, कधी कोणाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. तो आता मोठा कॅमेरा उचलून काठावर न्यायला लागला. पहिल्या हिवाळ्यातले फोटो त्याने स्वतःच फाडले.

"दगडाला कंटाळा येत नाही," तो वैतागून म्हणाला. "त्याला कितीही वेळ बसवून ठेव, तो चेहरा खाली ठेवत नाही."

"मग सोड ना."

"दुसरं करू काय? तासाभरात माणूस कुठे भेटतो?"

सोडलं मात्र नाही. रोज त्याच जागी, रोज त्याच मावळत्या उजेडात उभा राहायचा, एक डोळा घड्याळावर. हळूहळू त्याला काहीतरी मिळायला लागलं. काठाशी एकावर एक चढलेले बर्फाचे तुकडे. दगडांच्या टेकडीवरचं एकुलतं बर्चचं झाड. ओस घरांपैकी एकाच्या खिडकीत राहून गेलेला पडदा. फोटो सुरेख होते, पण फार वेळ बघवत नसत. गाव सोडून गेलेली माणसं उन्हाळ्यात सुट्टीला यायची, दुकानात शिरायची. मिलवॉकीहून आलेली एक बाई त्या खिडकीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "हे आमचं स्वयंपाकघर," ती म्हणाली. मग म्हणाली, "फोटो छान आहे, पण ह्यात दार कुठेय?" विकत न घेता गेली. दुसऱ्या दिवशी आली आणि घेऊन गेली.

बर्फाचा एक मोठा फोटो आर्वोने बापाच्या खोलीत समोरच्या भिंतीवर लावला. का लावला, मला माहीत नाही. प्रेमाने असेल, नाहीतर रागाने. इसाकींनी त्याकडे दोन दिवस बघितलं. मी तेव्हा तिथे होते.

"खाली असंच वाटायचं," ते म्हणाले. "वर आभाळ आहे हे ठाऊक असतं. पण आपल्यासाठी नाही."

आर्वो पलंगाच्या कडेवर बसला. "तुम्ही खालचं कधी काही सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

त्या संध्याकाळी तो कॅमेरा घेऊन गेलाच नाही. इसाकी धापा टाकत, मधे मधे थांबत बोलत राहिले. पहिल्या दिवशी खाणीत उतरवणाऱ्या लोखंडी पाळण्यात बसून आपण आईला हाका मारल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं. मी बाहेर आले. ह्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही फारसं नाही.

इसाकी गेले तेव्हा बर्फ वितळत होता. आर्वोचे केस पांढरे झाले होते. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती, हिल्या डुलूथहून नवऱ्याला घेऊन आली होती. मी, आर्वो आणि ती आतल्या स्वयंपाकघरात कप विसळत होतो. हिल्या सहज म्हणाली, "मला एकच वाईट वाटतं. त्या वर्षी बाबांना माझ्याकडे येऊ द्यायला हवं होतंस तू."

"कोणत्या वर्षी?"

"तू ऑरेगॉनला होतास तेव्हा. मी खालची खोली रिकामी करून ठेवली होती. पण बाबा म्हणाले, आर्वोला चालणार नाही. लोक म्हणतील बापाला बाहेर काढलं. म्हणाले, त्याच्याजवळ हा विषय काढू नकोस, त्याला लागेल."

आर्वोच्या हातात कप होता. तो त्याने पुसला, फळीवर ठेवला, दुसरा उचलला, तोही पुसला. मी हिल्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिला तेव्हा कळलं.

"मला म्हणाले, तुझ्याकडे जागा नाही," आर्वो म्हणाला.

हिल्या रडायला लागली. तो मात्र सगळे कप पुसून होईपर्यंत तिथून हलला नाही.

तो पुढे काही दिवस स्टुडिओत यायचा, बसायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "त्यांना भीती वाटली असेल, आर्वो. परक्या गावात, परक्या खोलीत मरायची."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "मला त्यांच्या भीतीचा राग नाही. मला विचारलं असतं तर मी राहिलोच असतो, त्याचा राग आहे." मग म्हणाला, "राहिलो असतो की नाही, तेही आता कळायचं नाही."

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने स्टुडिओला कुलूप लावलं. मोठा कॅमेरा आणि एक पेटी मोटारीत टाकली, माझा हात हातात घेतला, आणि गेला. सगळ्यांना वाटलं ऑरेगॉन. तो तिथवर गेलाही. तो स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. मग तो माघारी वळला आणि डकोटात, जिथे एकदा दुपारभर उभा होता त्याच्या आसपासच्या एका लहानशा गावात, धान्याच्या दुकानावरची खोली घेऊन राहिला.

मी आणि माझा नवरा एकदा त्याला भेटायला गेलो. गाव म्हणजे एक रस्ता, बाकी आभाळ. तो आसपासच्या शाळांमधून पोरांचे फोटो काढून पोट भरत होता. त्याने मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी केल्या होत्या, आमच्याकडच्यासारख्या, पण मीठ जास्त पडलं होतं.

"बाहेर जातोस का, फोटो काढायला?" मी विचारलं.

"रोज. पण अर्ध्या तासाने वळतो, एल्मा. कोणी बोलावत नसतं तरी पाय वळतात." त्याने खिडकीकडे हात केला. "एवढं सगळं उघडं आहे, आणि मी अर्ध्या तासावर उभा."

"मग परत ये गावाला. निदान माणसं तरी ओळखीची."

"नको. इथे मला कोणी ओळखत नाही. पोरं येतात, स्टुलावर बसतात, त्यांचे आईबाप कसे दिसतात ते मला ठाऊक नसतं. पुन्हा चेहरे बघावेसे वाटतात." त्याने ताटल्या गोळा केल्या. "अजून रागच येतो बाबांचा. पण इथे रागाला जागा तरी भरपूर आहे."

माझ्या नवऱ्याने विचारलं, इथे हिवाळा कसा काय असतो. मग दोघं बर्फाबद्दल आणि वाऱ्याबद्दल बोलत बसले.

त्यानंतर तो आणखी काही हिवाळे जगला. एका शाळेत फोटो काढता काढता खाली बसला आणि उठलाच नाही. हिल्याचा मला फोन आला. तिचं सगळं ठरलं होतं. आर्वोला ग्रीनस्टोनला आणायचं, आईबाबांशेजारी लाम्पींची जागा आहे, दगडावर नाव घालायची सोयही आहे.

"हिल्या, नको," मी म्हटलं.

"नको काय? तो आमचा आहे. तिथे त्याचं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणूनच."

"लोक काय म्हणतील? परक्या मातीत टाकून दिला म्हणतील."

"तुझे बाबाही हेच म्हणाले होते तुला."

ती हळूच म्हणाली, "एल्मा, तू फार वाईट बाई आहेस."

"असेन. पण त्याला बापाशेजारी नको ठेवूस."

ती दोन दिवसांनी तिकडे गेली. मीही गेले. गावाबाहेर कुंपणसुद्धा नसलेलं एक कबरस्तान आहे, तिथे आम्ही आर्वोला ठेवलं. शाळेतली पोरं आली होती, त्यांच्या बाई त्यांना गप्प उभं करत होत्या. वारा इतका होता की पाद्र्याचे शब्द आमच्यापर्यंत पोहोचत नव्हते. इकडे ग्रीनस्टोनला इसाकींच्या शेजारची जागा रिकामी आहे. हिल्या म्हणते, तिथे ती जाईल.